सोसायटी म्हणजे कोण?

मे महिन्याच्या शेवटी पाड्यावर खावटीसाठी बैठक ठेवली होती. सोसायटीचे भाऊसाहेब यायचे होते, ते काही आले नाहीत. लोक दुपारपर्यंत चिंचेखाली बसून राहिले. नुसतं बसून काय करायचं, म्हणून आम्ही कार्यकर्त्यांनी सहज विषय काढला. सोसायटी, सोसायटी असं आपण रोज म्हणतो, तर सोसायटी म्हणजे काय?

"ती नाय का नाक्यावरची पत्र्याची खोली. काटा हाय तिथं," एक आजी म्हणाली. सगळे हसले, पण मग एकेक जण सांगायला लागला. कुणी म्हणालं, सोसायटी म्हणजे खावटी. कुणी म्हणालं, सोसायटी म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा. वसईला बांधकामावर जाऊन आलेला एक पोरगा म्हणाला, "सोसायटी म्हणजे बिल्डिंग. बांधून होईपर्यंत आपण आत राहतो, बांधून झाली की वॉचमन गेटवर अडवतो." कूपावर उभा जन्म काढलेले एक बाबा होते. त्यांना त्यांची जंगल कामगार सोसायटी आठवली. "कुऱ्हाड आमची, शिक्का त्यांचा," एवढंच ते बोलले आणि विडी पेटवून गप्प बसले.

तिथे वीस-बावीस माणसं होती. त्यातली निम्मी तरी सोसायटीची सभासद आहेत. पण 'सोसायटी म्हणजे आम्ही' असं एकानेही म्हटलं नाही. आम्हालाही ते सुचलं नव्हतं. घरी जाताना रस्त्यात लक्षात आलं.

हा शब्दांचा खेळ करायची वेळ आहे का, असं काही जण विचारतील. भात पेरणी तोंडावर, फॉरेस्टच्या केसेस चालू, आणि पत्रकाच्या चार पानांतली दोन पानं एका शब्दावर घालायची? पण आमच्या पाड्यातल्या एका काकांचं काय झालं ते आधी ऐका.

काकांना विहिरीच्या योजनेत अर्ज करायचा होता. त्यासाठी तलाठ्याकडून सातबारा काढला. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा निघाला. काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी बियाणं-खतासाठी कर्ज काढलं होतं, ही गोष्ट खरी. पण दोन हंगाम काट्यावर भात घातलं तेव्हा त्यातून कापून घेतलं, असं ते सांगतात. काकीही तेच सांगते. पावती मात्र नाही. भात मोजलं, वहीत लिहिलं, अंगठा घेतला, घरी पाठवलं. अशी पावती आपल्यात किती जणांकडे असेल?

आम्ही तिघे काकांबरोबर सोसायटीत गेलो. म्हटलं, भाऊसाहेब, काकांच्या खात्याची वही दाखवा, भात कधी घातलं ते त्यात असेल.

भाऊसाहेब म्हणाले, "दप्तर सोसायटीचं आहे. ते असं कुणालाही दाखवता येत नाही."

काका म्हणाले, "पण मी सभासद हाय ना?"

"सभासद आहेस म्हणून सोसायटी तुझी झाली का?"

काका साठीचे, भाऊसाहेब तिशीतले. काकांनी 'भाऊसाहेब' म्हणायचं आणि त्यांनी काकांना 'तू' म्हणायचं, हे इतकं सवयीचं झालंय की त्या वेळी आम्हालाही खटकलं नाही. खटकला तो दुसरा भाग. सोसायटी सभासदाची नाही, मग कुणाची? भाऊसाहेबांची? खोलीची? तालुक्याच्या साहेबाची? काकांच्या जमिनीवर जिचं नाव चढलंय ती बाई आहे तरी कोण?

आमच्यातला सगळ्यात जास्त शिकलेला बारावी झालाय, तोही इंग्रजीत एकदा गटांगळी खाऊन. म्हणून आम्ही तालुक्याच्या कॉलेजातल्या एका सरांकडे गेलो. त्यांनी जाडजूड शब्दकोश काढले आणि दोन तास आमच्याबरोबर बसले. त्यांनी जे दाखवलं ते इथे आमच्या भाषेत मांडतो.

सोसायटी हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, म्हणजे जुन्या रोमच्या भाषेतून. लॅटिनमध्ये 'सोसियस' म्हणजे साथी, जोडीदार. त्या साथीदारांनी मिळून जे बांधलं ते 'सोसियेतास'. इंग्रजीत शब्द नवा होता तेव्हाही त्याचा पहिला अर्थ संगत, सोबत असाच होता. सगळ्या देशातली माणसं मिळून एक 'सोसायटी' असते, हा मोठा अर्थ मागाहून आला. त्यात ना खोली होती, ना काटा, ना बोजा.

पुढची गोष्ट ऐकून आम्ही चाटच पडलो. शब्दांचा अभ्यास करणारे सांगतात की लॅटिनमधला सोसियस आणि संस्कृतातला 'सखा' हे एकाच घरातले, लांबचे भाऊबंद आहेत. दोन्हींच्या मुळाशी मागोमाग जाणं, सोबत चालणं असा अर्थ आहे. संस्कृतात 'सच्' नावाचा धातू आहे, सोबत असणे या अर्थाचा. त्यातूनच 'सचिव' निघाला. सचिव म्हणजे मुळात सोबती. राजाचा सोबती म्हणून तो पुढे राजाचा मंत्री झाला, आणि मग कागदोपत्री मराठीत सोसायटीचा सचिव झाला. म्हणजे सोसायटी, सखा आणि सचिव ही तिन्ही एका वेलीची भोपळी. पण आपण सचिव कुठे म्हणतो, आपण सेक्रेटरी म्हणतो. त्याचं मूळ वेगळं आहे. सेक्रेट म्हणजे गुपित, आणि सेक्रेटरी म्हणजे मालकाची गुपितं सांभाळणारा भरवशाचा माणूस. सरांनी हे सांगितलं तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, "सर, आमच्याकडे शब्द बरोबर लागू पडलाय."

'सभासद' या शब्दालाही आम्ही सोडलं नाही. सद् म्हणजे बसणे. सभासद म्हणजे सभेत बसणारा. ज्याचं नाव रजिस्टरात आहे पण ज्याला कधी सभेला बोलावलंच नाही, तो सभासद कसा?

आता रोमची एक गोष्ट. तिथे सोसायटी म्हणजे भागीदारीचा करार असायचा. कुणी पैसा घालायचा, कुणी मेहनत घालायची, आणि नफा-नुकसान वाटून घ्यायचं. मग तिथल्या कायदेपंडितांपुढे प्रश्न आला. एकाने सगळा नफा घ्यायचा आणि दुसऱ्याने फक्त नुकसान सोसायचं, असा कुणी करार केला तर? त्यांनी उत्तर दिलं, अशी सोसायटी होऊच शकत नाही. तिला त्यांनी नाव दिलं 'सिंहाची सोसायटी'. हे नाव इसापच्या नावावर चालणाऱ्या एका गोष्टीवरून आलंय. सिंह, गाय, शेळी आणि मेंढी मिळून शिकारीला गेले. हरीण मारलं, चार वाटे घातले. सिंह म्हणाला, पहिला वाटा माझा, कारण मी राजा. दुसरा माझा, कारण मी तुमचा भागीदार. तिसरा माझा, कारण माझ्यात जोर जास्त. आणि चौथ्याला कुणी हात लावला तर बघा.

आपण शेळीला कशाला हसायचं? शेळीचा अंगठाही घेतला असेल. पण बघा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी राजे-गुलामांच्या देशात, जिथे गरिबाला कुणी विचारत नव्हतं, तिथल्या कायद्यानेसुद्धा असल्या कराराला सोसायटी म्हणायला नकार दिला. काकांनी भात घातलं ते वजा झालं नाही, व्याज मात्र चढत गेलं. रोममध्ये याला काय म्हटलं असतं ते आता तुम्हीच सांगा.

सहकारी सोसायटीची गोष्ट याहून अलीकडची. इंग्लंडात रॉचडेल नावाचं गिरण्यांचं गाव आहे. १८४४ साली तिथल्या २८ जणांनी, त्यात बरेचसे विणकर होते, प्रत्येकी एकेक पौंड घालून एक दुकान काढलं. पीठ, साखर, लोणी, मेणबत्त्या, एवढाच माल. तिथले दुकानदार मापात मारायचे, पिठात भेसळ करायचे आणि मजुरांना उधारीत अडकवायचे. म्हणून यांनी स्वतःचा काटा ठेवला. पैसे कमी घातले असोत की जास्त, मत एकेकच. जगभरच्या सहकारी सोसायट्या हे दुकान आपलं मूळ मानतात. मुंबईच्या गावदेवी भागात १९१५ साली पहिली हाउसिंग सोसायटी झाली, तीही भाड्याच्या जाचातून सुटायला माणसं एकत्र आली म्हणून. गेटवरचा वॉचमन नंतर आला.

आपल्या इकडे मात्र सोसायटी खालून वर आली नाही, ती वरून खाली आली. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला आणि आसपासच्या गावांत शेतकरी सावकारांच्या घरांत घुसले. बहुतेक ठिकाणी त्यांनी माणसाला हात लावला नाही. कर्जाचे कागद बाहेर काढले आणि जाळले. त्यांना कळलं होतं की फास वहीत असतो. इंग्रज सरकार घाबरलं. चौकशी झाली, कायदे झाले, आणि पुढे सावकाराला पर्याय म्हणून १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आणला. तेव्हा सोसायटीचं दप्तर हे सावकाराच्या वहीवर औषध म्हणून आलं. आता त्या औषधाचाच आजार झाला तर माणसाने जायचं कुठे?

जंगल सोसायट्यांचंही असंच. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३९ च्या सुमाराला आदिवासी भागाचा अहवाल दिला. ठेकेदार, जमीनदार आणि सावकार आदिवासीला कसे पिळतात ते त्याने त्यात लिहिलं. बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४७ पासून कूप ठेकेदाराऐवजी कामगारांच्या सोसायट्यांना द्यायला सुरुवात केली. ठेकेदार हटला, रोख मजुरी हातात पडली, हे आमचे कूपावरचे बाबाही कबूल करतात. आम्हीही करतो. पण आदिवासीला हिशेब येत नाही असं धरून कारभार बघायला बाहेरची पुरस्कर्ती संस्था नेमली गेली. आज ना उद्या हिशेब शिकवतील आणि बाजूला होतील, असं ठरलं असेल. बाबांनी तीस वर्षं लाकूड तोडलं. त्यांना हिशेब कुणी शिकवला नाही.

सोसायटीला मराठीत दुसरा शब्द आहे, समाज. तो तर आपल्यावर रोज येऊन आदळतो. साहेब भाषणात सांगतात, आदिवासींना समाजाच्या मुख्य प्रवाहात आणायचं आहे. पुढारी सांगतात, समाजाने आदिवासींसाठी काहीतरी केलं पाहिजे. म्हणजे समाज तिकडे आहे आणि आपण इकडे, नदीपलीकडे कुठेतरी. शाळेत हे वाक्य आम्हीही निबंधात लिहिलंय आणि मार्क घेतलेत, लपवायचं कशाला. तेव्हा प्रश्न पडला नाही की धरणाला जमीन कुणाची गेली, मुंबईला पाणी कुठून जातं, विटा कोण थापतं, भात कोण लावतं. सगळ्या समाजाचं घर बांधणारा माणूस समाजाबाहेर कसा असेल?

सरांनी या शब्दाचंही मूळ काढून दाखवलं. संस्कृतात 'अज्' म्हणजे हाकणे, 'सम्' म्हणजे एकत्र. जुन्या व्याकरणात आणि अमरकोशात फरक केलाय. जनावरांचा कळप असेल तर त्याला 'समज' म्हणायचं, आणि माणसांचा असेल तर 'समाज'. एका कान्याचाच फरक. (आपण मराठीत 'मला समजलं' म्हणतो तो समज वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही, हे सरांनी दोनदा बजावलं.) कुणीतरी हाकून एकत्र केलेले, असं या शब्दाच्या पोटात आहे. सोसायटीच्या पोटात आपणहून सोबत चाललेले. दोन्हींचं भाषांतर आपण एकमेकांनी करतो, पण मुळात रस्ते वेगळे.

आणखी एक जुनी गोष्ट आहे. गुजरातेत गिरनारच्या पायथ्याशी खडकावर सम्राट अशोकाचे लेख कोरलेत. सव्वादोन हजार वर्षांहून जुने. अशा लेखांचे तुकडे आपल्या पालघर जिल्ह्यात सोपाऱ्यालाही सापडले, पण तो भाग वेगळा. गिरनारच्या पहिल्याच लेखात 'समाज' शब्द येतो. तिथे त्याचा अर्थ जत्रा, मेळा. लोक जमणार, खाणार-पिणार, मजा बघणार. राजा म्हणतो, असले समाज भरवायचे नाहीत, त्यात फार दोष आहेत. मग पुढे म्हणतो की काही समाज चांगलेही असतात. राजाला त्यात प्राण्यांची हत्या नको होती, त्यामागे त्याची दया असेल. पण आम्हाला हे वाचून पोलीस पाटलाची आठवण झाली. तारपा वाजला, माणसं गोल धरून नाचायला लागली, ताडीचं मडकं आलं, की कुणाच्या तरी पोटात दुखतंच. कुठला समाज भरवायचा आणि कुठला नाही, हे वरचा ठरवणार, ही रीत जुनीच दिसते.

मग आपल्याकडे सोबतीला शब्दच नव्हता का? होता आणि आहे. आपण त्याला सावड म्हणतो. आज माझ्या शेतावर तुम्ही, उद्या तुमच्या शेतावर मी. ज्याला बैल नाही तो दोन दिवस जास्त राबतो, पण त्याचं शेत पडीक राहत नाही. जुन्नर-आंबेगावकडचे महादेव कोळी डोंगर उतारावर बांध घालून भातखाचरं करायला पडकई करतात. सातपुड्यात भिल्लांमध्ये याच गोष्टीला लाहा म्हणतात. सावडीत वही नसते. कोण आला नाही ते सगळ्यांना ठाऊक असतं. नोंदणी नंबर नाही, शिक्का नाही, तरी लॅटिनवाल्याला दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, हीच ती सोसियेतास. मोजून घालायचं, मोजून घ्यायचं, आणि बुडालं तर सगळ्यांचं बुडालं.

इथे थांबून आपणच आपली पाठ थोपटून घेतली असती. पण बैठकीत एक विधवा बाई बसल्या होत्या, त्यांनी आम्हाला थांबवलं. त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यामागं दोन वर्सं माझी सावड कुणी धरली?" कुणी बोललं नाही, कारण ते खरं होतं. गडी नाही म्हणून त्यांच्याकडे कुणी गेलं नाही. आणि याहून वाईट गोष्टी आपल्याकडे घडल्यात. एखाद्या बाईला भुताळी ठरवून तिला मारून-झोडून गावाबाहेर काढतात, तेव्हा 'समाजाने ठरवलं' असंच म्हणतात. कोणत्या समाजाने? चार पुरुष आणि एक भगत, त्यांनी. भाऊसाहेब म्हणतो सोसायटी म्हणजे मी, आणि आपल्यातले चार जण म्हणतात समाज म्हणजे आम्ही. दोन्ही ठिकाणी बाकीच्यांनी गप्प बसायचं. हे आपण छापायचं की नाही यावर आमच्यात वाद झाला. बाहेरचे लोक हसतील, असं काहींचं म्हणणं होतं. हसू देत. ज्या बाईला काढलं तिला कुणाच्या हसण्याची भीती वाटायची बाकी नाही.

आता हा सगळा शब्दांचा पसारा जमिनीशी कुठे येऊन भिडतो ते सांगतो.

फॉरेस्ट प्लॉटची चौकशी होते तेव्हा अधिकारी म्हणतो, गावाचा ठराव आणा. आपण म्हणतो हा पाडा इथे आज्यापंज्यापासून आहे, वाघदेव तिथे उभा आहे, ही बघा जुनी आंब्याची झाडं. तो म्हणतो, पाडा म्हणजे गाव नाही. गाव म्हणजे महसुली गाव. पंचायतीचं ऑफिस बाजारपेठेत, तिथे दुकानदारांची वस्ती. ठराव तिथे लिहायचा. म्हणजे ज्यांनी कधी आपल्या प्लॉटची वरई बघितली नाही, ते ठरवणार आपण किती वर्षं कसतोय.

१९९६ च्या डिसेंबरात अनुसूचित क्षेत्रासाठी पंचायतीचा नवा केंद्र कायदा झाला. त्यात गाव कशाला म्हणायचं ते लिहिलंय. वस्ती किंवा वस्त्यांचा गट, पाडा किंवा पाड्यांचा गट, जिथे एक समाज राहतो आणि आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे आपला कारभार चालवतो, ते गाव. या कायद्यात आपला पाडा नावाने आला. गौण वनोपजाची मालकी, आदिवासीची बेकायदा गेलेली जमीन परत मिळवणं, सावकारीवर ताबा, हे अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला द्यावेत असं त्यात आहे. पण त्या वाक्याचा सगळा जोर दोन गोष्टींवर आहे, 'एक समाज' आणि 'आपला कारभार चालवतो'. उद्या कुणी साहेब पाड्यावर येऊन विचारेल, दाखवा, कुठे आहे तुमचा समाज? तेव्हा आपण काय दाखवणार? जातीचा दाखला? त्याने भागणार नाही. सगळे बसलेत, बाया बोलतायत, वही सगळ्यांसमोर वाचली जातेय, हे दाखवावं लागेल. ज्यांना सोसायटीच्या काट्यावर आपलं भात किती भरलं हे विचारता येत नाही, ते जंगलाचा कारभार कसा चालवतील, असं तो म्हणेल. आणि आपल्याकडे उत्तर नसेल.

आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, सोसायटी सडलीय, सोडून द्या, राजीनामे द्या. आम्हाला ते पटत नाही. राजीनाम्याने बोजा उतरत नाही. शिवाय शब्द आपल्याच कुळातला निघाला, तो भाऊसाहेबांना फुकट का द्यायचा?

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० सालचा. त्यात सोसायटीची व्याख्या शोधली तर गंमत वाटते. सोसायटी म्हणजे या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी. सखा नाही, सोबत नाही. पण त्याच कायद्यात सोसायटी नोंदायला वेगवेगळ्या कुटुंबांतली निदान दहा माणसं लागतात. एक माणूस आणि एक खोली एवढ्याने ती होत नाही. सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत. आणि कलम ३२ मध्ये साफ लिहिलंय की सभासदाला ऑफिसच्या वेळेत फुकट बघता येतं. काय काय? पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभासदांचं रजिस्टर, सर्वसाधारण सभेचं आणि कमिटीचं इतिवृत्त, आणि त्याच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी असतील तेवढा वहीचा भाग. फी भरून नक्कलही मागता येते. काकांनी त्या दिवशी जे मागितलं ते मेहरबानी नव्हती. त्या वेळी आम्हालाही कलम माहीत नव्हतं, म्हणून आम्ही चहा पिऊन परत आलो.

काकांचा अर्ज आता लिहून तयार आहे. दोन प्रती केल्यात, एकीवर पोच घ्यायची. भाऊसाहेबांनी एकदा 'पुढच्या आठवड्यात या' म्हणून परत पाठवलंय. येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी दहाला आपण परत जाणार आहोत. ज्यांच्या सातबाऱ्यावर बोजा आहे त्यांनी सातबारा आणावा. जुन्या पावत्या, भिजलेल्या असल्या तरी, सोबत घ्याव्यात. ज्यांच्या नावावर शेअर आहे त्या बायांनी नवऱ्याला पाठवू नये, स्वतः यावं. वही मिळाली तर तिथेच ओट्यावर बसून मोठ्याने वाचायची, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल आणि भाऊसाहेबांनाही ऐकू येईल. वाचायला पोरं आहेत.

त्या विधवा बाईंच्या शेतावर आवणीला कोण कोण जाणार, त्यांची नावं परवाच्या बैठकीत सांगायची आहेत. तीन नावं आलीत. अजून निदान पाच लागतील.

बाजाराच्या दिवशी येताना भाकर बांधून आणा, सगळा दिवस मोडेल.